गिअर पडत नाही? आधी पायाखाली बघा



एरवी या पानावर मी लागण, खोडवा, हुमणी, पाण्याची पाळी असलंच लिहितो. आज गाडीवर लिहितोय. गेल्या दोन महिन्यांत ओळखीच्या चौघांनी एकच प्रश्न विचारला, "गाडीचा गिअर लई घट्ट झालाय, काय करायचं?" चौघांच्याही गाड्या पंधरा-वीस वर्षांच्या. त्यातल्या दोघांनी तर गिअरबॉक्स उतरवायचं ठरवूनच टाकलं होतं.

माझं मत आधी सांगतो, कारणं मागनं. गिअर घट्ट झाला की आपल्याकडं दोनच गोष्टी होतात. एक, जोर लावायचा. दोन, जोर लावूनही जमेना झालं की गिअरबॉक्स खोलायला द्यायचा. या दोन्हीच्या मधे तासाभराचं एक काम असतं आणि नेमकं तेच कुणी करत नाही. ते काम म्हणजे निदान. ते अंगणात होतं, त्याला पैसे पडत नाहीत, आणि ते मालकानं स्वतः करावं असं माझं ठाम म्हणणं आहे. मी काही मेकॅनिक नाही. पहिली चूक मी दोन वर्षं केली आणि दुसरी करता करता वाचलो, एवढाच माझा अधिकार.

आमच्या गाडीचं काय झालं

आमची गाडी २००७ ची. छोटी पेट्रोल, पाच गिअर, केबलचा क्लच. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. ती आम्ही २०२२ ला करून घेतली, म्हणजे गाडी अजून वापरायचीच आहे. मी जास्त ट्रॅक्टरवर आणि मोटारसायकलवर असतो. गाडी चालवते ती आमची बायको. ती इचलकरंजीला शाळेत शिकवते आणि रोज हुपरीहून जाऊन-येऊन करते.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत ती म्हणाली, "अहो, सकाळी दुसरा गिअर पडत नाही." मी म्हटलं, "जुनी गाडी आहे, जरा जोर लाव." काही महिन्यांनी म्हणाली, "आता पहिलापण अडतोय." मी तेच उत्तर दिलं. एकदा चिडून म्हणाली, "हा गिअर आहे का पहार?" मी हसलो. सुट्टीच्या दिवशी मी स्वतः चालवायचो तेव्हा मनगटाच्या जोरावर गिअर ढकलायचो आणि 'पडतोय की' म्हणायचो. ट्रॅक्टरची सवय, दुसरं काय.

मग या जानेवारीत ते झालं. हंगाम जोरात, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. सकाळी धुकं होतं. चौकातून वळताना तिनं गाडी थांबवली, पुन्हा पहिला टाकायला गेली तर पडेना. दोन्ही हातांनी ढकलला तरी पडेना. मागनं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर येत होता. भरल्या ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर जागेवर थांबत नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या ट्रॅक्टरवाल्यानं कशीबशी साईड काढली म्हणून निभावलं. ती घरी आल्यावर मला काही बोलली नाही. नुसती किल्ली टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून एस.टी.नं जायला लागली.

मी गाडी घेऊन एका गॅरेजमध्ये गेलो. तिथं जाऊन काय बोललो ते महत्त्वाचं आहे. मी म्हटलं, "गिअरबॉक्स गेलाय, किती खर्च येईल?" त्यानं सांगितलं अठरा हजारांच्या आसपास. आता यात त्याचा दोष नाही. मी लक्षण सांगितलंच नाही, रोगाचं नाव सांगितलं आणि औषधाचा भाव विचारला. आपण दुकानात जाऊन "पानं पिवळी पडलीत, दोन पोती युरिया द्या" म्हणतो, तसलंच हे. पिवळेपणा नत्रानं आलाय, लोह कमी पडल्यानं, पाणी साचल्यानं, का मुळाला हुमणी लागल्यानं, हे बघितलंय कोण?

उसाचं बिल सोसायटीला वळतं होऊन हातात जे उरलं होतं, त्यातून अठरा हजार काढायचं जिवावर आलं. म्हणून, म्हणजे शहाणपणानं नव्हे तर पैशाच्या ओढाताणीनं, गाडी परत आणली आणि एक रविवार तिच्यासाठी काढला.

जोरानं नेमकं काय तुटतं

तपासणीच्या आधी हे समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं.

चालत्या बैलगाडीत चढायचं असलं तर आपण काय करतो? गाडीबरोबर चार पावलं पळतो, वेग जुळला की हात धरून वर चढतो. उभ्या उभ्या उडी मारली तर तोंडावर पडतो. गिअरबॉक्समध्येही असंच असतं. आत दोन फिरणारे भाग असतात, दोघांचा वेग वेगळा. त्यांना एकमेकांत गुंतवायच्या आधी वेग जुळवावा लागतो. ती 'चार पावलं पळायचं' काम एक छोटी पितळी रिंग करते. तिलाच सिंक्रो रिंग म्हणतात. कॅडिलॅक कंपनीनं १९२८ साली ही सोय मोटारीत पहिल्यांदा आणली. त्याआधीचे ड्रायव्हर दोनदा क्लच दाबून, मधे अॅक्सिलरेटर देऊन वेग स्वतः जुळवायचे. जुन्या ट्रकवाल्यांना अजून हे जमतं.

ही रिंग नाजूक असते. तिनं फक्त गिअरचा वेग जुळवायचा असतो, इंजिनाचा नव्हे. म्हणून गिअर बदलताना क्लच दाबून इंजिन बाजूला काढायचं. क्लच पूर्ण सुटला नाही तर त्या रिंगेला आख्ख्या इंजिनाशी झुंजावं लागतं. गिअर घट्ट लागतो तो त्यामुळं. आणि आपण जोर लावतो तेव्हा रिंग झिजवतच गिअर आत घुसवतो. गिअर पडतो खरा, पण दर वेळेला थोडी रिंग खाऊन.

आपल्या शेतकऱ्यांची यात एक वेगळी अडचण आहे. जुन्या ट्रॅक्टरच्या गिअरला असली रिंग नसते. तिथं थांबूनच गिअर टाकायचा, नाही पडला तर क्लच जरा सोडून पुन्हा दाबायचा आणि दांडा ढकलायचा. शिवाय डबल क्लचच्या ट्रॅक्टरला अर्धा क्लच दाबला की गिअर सुटतो, पूर्ण दाबला की पी.टी.ओ. सुटतो. त्यामुळं पाय अर्ध्यावर थांबवायची सवय लागते. तोच हात आणि तोच पाय घेऊन आपण कारमध्ये बसतो.

आमच्या गल्लीत चांदीकाम करणारे एक तात्या आहेत. जन्म पैंजण करण्यात गेला. मी गाडीखाली वाकलेला बघून विचारपूस केली आणि म्हणाले, "कडी अडली की आमी जोर लावत न्हाई बाबा. कुठं अडली ते बघतो. जोरानं बसवलेली कडी वाकडीच बसती." दोन वर्षं मी जे उलटं केलं ते तात्यांनी एका वाक्यात सांगितलं.

चार तपासण्या, एक रुपया खर्च न करता

गाडी सपाट जागेवर लावा. हँडब्रेक ओढा. चाकांना पुढून-मागून दगडाची उटी लावा. समोर भिंत, माणूस, जनावर काही नको.

पहिली : इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि एकेक करून सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करून, गाडी जागेवर उभी ठेवून, तेच करा. बंद इंजिनावर गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, तर दोष बहुतेक क्लच पूर्ण न सुटण्याचा असतो. गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही. दोन्ही वेळेला सारखेच घट्ट, तर गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीकडं किंवा आत बघावं लागेल.

दुसरी : इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला ती पितळी रिंग नसते. क्लच नीट सुटत असेल तर पाच सेकंदांत आतला शाफ्ट थांबतो आणि रिव्हर्स गप पडतो. एवढं थांबूनही कर्रकर्र वाजलं तर क्लच ओढून धरतोय. मात्र आयडलिंग फार चढलेलं असलं तरी आवाज येतो, ते आधी बघा.

तिसरी : थंड आणि गरम यातला फरक. सकाळी घट्ट आणि दहा-बारा किलोमीटर गेल्यावर मोकळा होत असेल तर गिअर ऑईलवर संशय घ्या. उलट, गाडी गरम झाल्यावर आणि गर्दीत क्लच सारखा दाबून घट्ट होत असेल तर क्लचवर.

चौथी : सगळे गिअर घट्ट का एकच? सगळेच घट्ट असतील तर कारण सहसा सगळ्यांना सामायिक असतं, म्हणजे क्लच, ऑईल, जोडणी. एकच गिअर त्रास देत असेल आणि बाकीचे चांगले असतील, तर त्या गिअरची रिंग किंवा आतला फोर्क. ते घरचं काम नव्हे.

आमच्या गाडीत काय निघालं? बंद इंजिनावर सगळे गिअर बऱ्यापैकी पडत होते, थोडे जड. चालू इंजिनावर पहिला आणि रिव्हर्स अडत होते. सकाळी जास्त, दुपारी कमी. आणि दुसरा गिअर कायमच वाईट. म्हणजे एक रोग नव्हता, तीन होते.

आता दुरुस्ती, पण एका वेळी एकच

इथं कृषी सहायक मंडळी माझ्याशी सहमत होतील. खत, कीटकनाशक आणि टॉनिक एकदमच मारलं तर कशानं गुण आला ते कळत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तिन्हींचे पैसे जातात. गाडीतही एक गोष्ट बदलायची, मग चारही तपासण्या पुन्हा करायच्या, मगच दुसऱ्या गोष्टीला हात घालायचा.

पायाखालचं : हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. पावसाळ्यात शेताकडनं यायचं म्हणून मी ड्रायव्हरच्या पायाखाली रबरी मॅटवर दुमडलेलं पोतं टाकलं होतं. ते वर्षभर तिथंच राहिलं, चिखल बसून दगड झालं. क्लच पेडल खाली टेकायच्या आधीच पोत्याला टेकत होतं. पोतं काढलं, तपासणी केली. पहिला गिअर निम्मा सुधारला. खर्च काहीच नाही. म्हणून म्हणतो, पाना हातात घ्यायच्या आधी वाकून पायाखाली बघा.

क्लचचा प्ले : मोटारसायकलच्या क्लच दांडीला जसा थोडा मोकळा खेळ ठेवतो, तसाच कारच्या पेडललाही असतो. हातानं पेडल हलकं दाबायचं. कडक लागेपर्यंत जेवढं मोकळं जातं तेवढा प्ले. केबलच्या छोट्या गाड्यांत तो साधारण १५ ते २५ मिलिमीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा तोच खरा. केबल जुनी झाली की ताणते, प्ले वाढतो आणि पेडल पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. आमच्या गाडीत प्ले चांगला दोन बोटं होता. गिअरबॉक्सजवळ केबलचं टोक जिथं क्लचच्या आर्मला जोडलंय तिथं नट असतो. तो फिरवून प्ले जमवता येतो. पण अति करू नका. प्ले पारच काढून टाकला तर क्लच घसरतो, प्लेट जळते आणि बेअरिंग अकाली जातं. नट शेवटच्या आट्यांवर आला असेल तर नुसतं कसत बसू नका. केबल तरी संपलीय नाही तर प्लेट.

केबलची तारही बघा. टोकाला एखादा धागा तुटलेला दिसला किंवा पेडल जड आणि करकरतं लागलं तर ती बदलायचीच. बऱ्याच नव्या केबलना आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, त्यात ऑईल सोडायची गरज नसते. नवी केबल टाकताना जुनी जशी गेली होती तशीच न्यायची. सायलेन्सरच्या पाईपजवळून गेली तर उन्हाळ्यात वितळेल.

तुमच्या गाडीचा क्लच केबलऐवजी हायड्रॉलिक असेल तर क्लचच्या ऑईलची पातळी बघा. दोन-चार वेळा पंप केल्यावर गिअर सोपा पडत असेल तर लाईनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचं सील गेलंय. त्यात डबीवर लिहिलेलं डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑईलच घालायचं. इंजिन ऑईल घातलं तर आतली रबरी सीलं फुगून निकामी होतात, आणि काही गाड्यांत ब्रेक आणि क्लचची बाटली एकच असते. तिथली चूक जिवावर बेतेल.

जोडणी : पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत रॉड किंवा केबल जाते. जीप, बोलेरोसारख्या गाड्यांत दांडा बहुधा गिअरबॉक्सच्या डोक्यावरच असतो. रॉडच्या सांध्यांना बूश असतात, वर रबरी टोपी. आपल्या भागातली काळी माती पावसात त्यात घुसते आणि उन्हाळ्यात सिमेंटसारखी वाळते. ब्रश आणि रॉकेलनं सांधे धुवून, कोरडे करून, ग्रीस लावलं की दांडा हाताला लगेच हलका लागतो. बूश खिळखिळा झाला असेल तर नवा टाका, ती वस्तू महाग नसते. इंजिनाचे रबरी माउंटिंगही बघून घ्या. ते बसले की इंजिन जागचं सरकतं आणि सगळी जोडणीच तिरकी होते.

गिअर ऑईल : ही माझी खरी चूक. दोन वर्षांपूर्वी ड्राईव्ह शाफ्टचं सील गळत होतं, ते बदललं. त्या वेळी मेहुण्याकडं ट्रकच्या डिफरन्शियलसाठी आणलेलं १४० नंबरचं तेल उरलं होतं. मला वाटलं, जाड तेल म्हणजे जुन्या गाडीला चांगलंच. फुकटचं मिळालं म्हणून ओतलं. आता तारीख लावून बघा, बायकोची पहिली तक्रार त्याच हिवाळ्यातली. जाड तेल थंडीत आणखी घट्ट होतं, आतले गिअर लवकर वेग बदलत नाहीत आणि रिंगेचं काम वाढतं.

दुसरी गोष्ट, नुसता नंबर बघून भागत नाही. डबीवर जी.एल.-४ आणि जी.एल.-५ असंही लिहिलेलं असतं. जी.एल.-५ डिफरन्शियलसारख्या प्रचंड दाबाच्या ठिकाणासाठी असतं, त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात. बऱ्याच जुन्या गिअरबॉक्सना जी.एल.-४ सांगितलेलं असतं, कारण पितळी रिंगेला ते मानवतं आणि रिंगेला हवी तेवढी पकड मिळते. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते घाला. शिफारशीबाहेरचं फुकटचं तेल आणि शिफारशीबाहेरची फुकटची फवारणी, दोन्हींचा हिशेब नंतर होतो.

ऑईल बदलताना एक नियम पाठ करा : आधी भरायचा नट उघडायचा, तो उघडला तरच खालचा काढायचा. भरायचा नट गंजून बसला असेल आणि तुम्ही खालून सगळं तेल सोडून दिलं असेल, तर गाडी जागेवर अडकली. नटाखालचा वॉशर नवा घ्या. बाजूला भरायचा नट असलेल्या बहुतेक गाड्यांत, गाडी सपाट असताना तेल त्या भोकाच्या खालच्या कडेला लागलं की पातळी झाली.

निघालेलं तेल टाकून देण्याआधी बघा, ते गाडीचा रक्ततपासणीचा कागद आहे. खालच्या नटाच्या चुंबकावर करडी बारीक पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. तेलात पिवळी चमक दिसली तर ते पितळ, म्हणजे रिंग झिजतेय. लोखंडाचे तुकडे निघाले तर गाडी चालवू नका, थेट मेकॅनिक. आणि तेल दुधाच्या चहासारखं पांढुरकं असेल तर आत पाणी गेलंय. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेच्या काठाला ज्यांच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांनी इंजिन ऑईल बदललं, पण गिअर ऑईल कितीजणांनी बघितलं? अशी गाडी कुणी विकत घेतली असेल तर हे पहिलं काम करा.

जुनं तेल बांधावर, विहिरीजवळ किंवा गटारीत ओतू नका. डब्यात भरून, जुनं ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. आपण माती सुधारायला निघालोय आणि तिच्यातच तेल मुरवायचं, हे बरं नव्हे.

घरी करू नये ते

काहीजण मला म्हणतील, "मग मेकॅनिक कशाला पाहिजे?" पाहिजेच. क्लच प्लेट बदलणं, गिअरबॉक्स उतरवणं, रिंगा घालणं, हायड्रॉलिक सिलिंडर, हे त्याचं काम आहे आणि त्याच्या कसबाला पैसे देताना का-कू करू नये. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीची क्लच प्लेट गंजून चिकटते, तीही त्याच्याकडंच न्या. माझं म्हणणं एवढंच, त्याच्याकडं जाताना भाव विचारत जाऊ नका, लक्षणं घेऊन जा. "बंद इंजिनावर पडतो, चालू इंजिनावर अडतो, प्ले एवढा आहे, ऑईल असं निघालं." एवढं सांगितलं की चांगला मेकॅनिक खूश होतो, आणि दुसरा कुणी असला तर त्याला कळतं की समोरचा बघून आलाय.

दुसरं, नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली कधी झोपू नका. विटाही लावू नका, वीट एका क्षणात फुटते. गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड घ्या किंवा मागून आणा. ते नसतील तर ऑईलचं काम गॅरेजच्या रॅम्पवर करून घ्या. दोन-चारशे रुपये वाचवायला छातीवर गाडी घ्यायची नाही.

'वेळ कुठाय' म्हणणाऱ्यांना

सगळ्यात जास्त हेच ऐकायला मिळतं. मान्य, तोड चालू असते, रात्रीची लाईट असते, पाणी धरायचं असतं. पण माझा हिशेब ऐका. मी तो तास दोन वर्षं काढला नाही. त्या दोन वर्षांत रोज सकाळी माझी बायको दोन्ही हातांनी गिअर ढकलत होती आणि रस्त्यावर मागनं ट्रॉल्या येत होत्या. माझा तास वाचला तो तिच्या जिवाच्या जोखमीवर. गाडी चालवणारा एक आणि दुरुस्तीचं ठरवणारा दुसरा, असं ज्या घरात आहे तिथं तक्रारीला 'जोर लाव' हे उत्तर देण्याआधी एकदा स्वतः बसून बघा. आणि नुसतं पडतोय का बघू नका, किती जोर लागतोय ते बघा.

आमच्या गाडीचा शेवट सांगतो. पोतं काढलं, केबल नवी टाकली, प्ले जमवला, सांधे धुऊन ग्रीस लावलं, पुस्तकातलं ऑईल भरलं. सगळं मिळून दोन हजारांच्या आत बसलं. पहिला, तिसरा, चौथा, पाचवा आणि रिव्हर्स आता एका बोटानं पडतात.

दुसरा मात्र सुधारला नाही. जुन्या तेलात पिवळी चमक होती, ती त्याचीच. थंडीत सकाळी तो अजून एकदा कर्र करतो. बायको आता क्षणभर न्यूट्रलवर थांबून मग दुसरा टाकते, म्हणजे आवाज येत नाही. मी बाजूला बसलेला असलो की ती थांबते आणि एकदा माझ्याकडं बघते. काही बोलत नाही. कधीतरी ती रिंग बदलावी लागणार, त्याचे पैसे मी बाजूला ठेवायला लागलोय. ते जुन्या गाडीचे नाहीत, माझ्या जोराचे आहेत.

तर मंडळी, इथून पुढं गिअरचं विचारायचं असलं तर मला चार गोष्टी लिहून पाठवा : बंद इंजिनावर कसा, चालू इंजिनावर कसा, थंड असताना आणि गरम झाल्यावर कसा, सगळे का एकच. आणि हो, पायाखाली काय आहे तेही लिहा.